पोकेमॉन लेजेंड्स: झेड-ए – एका जुन्या चाहतीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही किती वर्षं खेळताय?

गेम बॉयच्या काळापासून. पहिली जोडी, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ ला आली. माझ्या हातात पडला तो थोडा नंतरचा ब्लू. तेव्हापासून प्रत्येक पिढीतला निदान एक तरी गेम मी शेवटपर्यंत खेळले आहे. झेड-ए माझा खेळून झालाय, मुख्य गोष्टही आणि तिच्यानंतरचंही बरंच काही. ओळखीपाळखीतले लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. गोष्टीतली मोठी रहस्यं फोडणार नाही.

हा गेम नेमका आहे तरी काय?

१६ ऑक्टोबर २०२५ ला निन्टेन्डोच्या स्विच आणि स्विच २ या यंत्रांवर आलेला पोकेमॉन गेम. ‘लेजेंड्स’ नावाचा हा दुसरा गेम. पहिला, आर्सियस, जानेवारी २०२२ मध्ये आला होता. सगळा खेळ ल्युमिओस नावाच्या एकाच शहरात घडतो. हे शहर आपण २०१३ च्या एक्स आणि वायमध्ये पाहिलेलं आहे. पॅरिसवरून बेतलेलं, मधोमध आयफेल टॉवरची आठवण करून देणारा प्रिझम टॉवर. शहराची नव्याने आखणी चालू आहे, माणसं आणि पोकेमॉन एकत्र राहू शकतील असं शहर उभारायचं म्हणतात, आणि आपण नेमके त्याच वेळी आगगाडीतून तिथे उतरतो.

आधीचं काहीच खेळलेलं नाही. चालेल का?

चालेल. एक्स किंवा वाय खेळला असेल तर काही चेहरे बघून गलबलून येईल, इतकंच.

लढाई खरंच बदलली आहे का, की नुसती जाहिरात?

खरंच बदलली आहे, आणि माझं या गेमवर जे काही प्रेम आहे ते सगळं इथून सुरू होतं.

जवळजवळ तीस वर्षं मुख्य गेममधली लढाई आळीपाळीची होती. तू एक मूव्ह (पोकेमॉनची चाल) निवड, समोरचा एक निवडेल, ज्याचा वेग जास्त तो आधी. दोन्ही पोकेमॉन आपापल्या जागी उभे. झेड-एमध्ये बटण दाबून धरलं की आपला पोकेमॉन समोरच्यावर नजर रोखतो. मग चार मूव्हपैकी हवी ती कधीही वापरा. प्रत्येक मूव्ह वापरल्यावर काही क्षण थंड व्हावी लागते. पीपी, म्हणजे एखादी मूव्ह आणखी किती वेळा वापरता येईल तो आकडा, मोजायचे दिवस गेले. बटण सोडलं की पोकेमॉन धावत आपल्या मागे येतो, म्हणजे आपण जिकडे पळू तिकडे तोही पळतो. वार चुकवायचा तर हाच मार्ग.

ऐकायला साधं आहे, पण परिणाम फार खोल जातो. चावायचं असेल तर पोकेमॉनला समोरच्यापर्यंत धावत जावं लागतं. पाण्याचा फवारा मारायचा असेल तर लांबूनही चालतं, पण मध्ये काही आडवं आलं की फवारा वाया. अर्थक्वेकसारखी मूव्ह स्वतःभोवती पसरते, त्यामुळे आधी गर्दीत शिरायचं आणि मग मारायची. प्रोटेक्ट अगदी नेमक्या क्षणी लावावं लागतं. डिगने जमिनीखाली गेलेला पोकेमॉन खरोखर वरून जाणारा वार चुकवतो. इतकी वर्षं ही सगळी वर्णनं आपण मूव्हच्या माहितीत नुसती वाचत होतो. आता ती जमिनीवर घडताना दिसतात.

मला हे कधी कळलं ते सांगते. सुरुवातीच्याच एका रात्री, एका अरुंद गल्लीत, माझा टोटोडाइल (मगरीसारखा छोटा पोकेमॉन) समोरच्या पोकेमॉनला चावायला धावला. त्याचे पाय आखूड. तो तुरुतुरु पळत पोचेपर्यंत समोरच्याचा वार बसला आणि हा तीन पावलं मागे ढकलला गेला. मी पुन्हा तीच मूव्ह दिली, पुन्हा तेच. मग डोक्यात आलं की याला चालवत जवळ न्यायला हवं. बटण सोडलं, स्वतः वळसा घालून समोरच्याच्या बाजूला गेले, टोटोडाइल माझ्यामागून आला, आणि तिथून चावा दिला तो एका क्षणात बसला. पोकेमॉनचे पाय किती लांब आहेत याचा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला होता. पोकेमॉनला शरीर आहे, हे या गेमने मला पटवलं.

पण आळीपाळीची लढाई गेली याचं वाईट वाटत नाही?

वाटतं. थांबून विचार करण्यात, समोरचा आता काय करेल याचा अंदाज बांधून पोकेमॉन बदलण्यात एक बुद्धिबळाची गंमत होती. इथे तेवढा वेळ मिळत नाही. शिवाय अ‍ॅबिलिटी (पोकेमॉनचे अंगभूत गुण) हा प्रकारच काढून टाकला आहे. लेव्हिटेट नाही, इंटिमिडेट नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं त्यावर संघ बांधले त्यांना हे लागणारच, आणि मलाही लागलं. हे जुन्याच्या जागी कायमचं यावं असं मी म्हणणार नाही. दोन्ही राहावेत.

संपूर्ण गेम एकाच शहरात? कंटाळा येत नाही का?

याचं उत्तर मी तीनदा बदललंय.

पहिल्या आठवड्यात मी म्हणत होते की अजिबात नाही. ल्युमिओस उभंही आहे आणि आडवंही. लिफ्टने छतावर जायचं, तिथून रोटॉम या पोकेमॉनच्या आधाराने तरंगत पुढच्या छतावर, वाटेत रंगीत स्क्रू गोळा करायचे, खाली डोकावलं तर अंगणात एखादा पोकेमॉन झोपलेला. एक्स आणि वायमध्ये याच शहराने मला रडवलं होतं. गोल रस्ते, कुठून कुठे आलो कळायचं नाही, आणि वीज गेलेली म्हणून सुरुवातीला शहराचा बराच भाग बंद. आता मला त्याच शहराच्या गल्ल्या नकाशाशिवाय पाठ झाल्या आहेत. एखाद्या जागेची अशी ओळख आजवरच्या कुठल्याच पोकेमॉनमध्ये झाली नव्हती, कारण तिथे आपण कायम पुढच्या गावाला निघालेले असायचो.

दुसऱ्या आठवड्यात कंटाळा आला. जंगली पोकेमॉनसाठी शहरात वीस वाइल्ड झोन आहेत, हिरव्या झळाळत्या भिंतींनी वेढलेले. पण बरेचसे म्हणजे चौक, बाग, कालव्याचा काठ, दफनभूमी. गुहेच्या अंधारात शिरताना पोटात गोळा येतो, बर्फातून चालताना आवाज बदलतो, समुद्र पहिल्यांदा दिसतो, त्यातलं काहीही इथे नाही. पोकेमॉनचं शरीर खरं केलं, पण ते शरीर जिथे शोभून दिसलं असतं तो डोंगर, ते रान दिलंच नाही. या गेमबद्दल माझी सगळ्यात मोठी हळहळ हीच.

आता माझं मत असं की रोज तास-दीड तास खेळणाऱ्याला शहर पुरून उरतं. सुट्टीत एका दमात संपवणाऱ्याला ते भिंतींसारखं जाणवेल.

इमारती सपाट दिसतात म्हणे?

हो. अनेक इमारतींच्या बाल्कन्या आणि खिडक्या नुसत्या भिंतीवर चिकटवलेल्या चित्रासारख्या आहेत. लांबून खपून जातं, छतावरून तरंगत जवळ गेलं की खटकतं. आत शिरता येईल अशी घरंही मोजकीच. शहर हाच ज्या गेमचा नायक आहे, त्यात शहरावर आणखी मेहनत घ्यायला हवी होती. आणि एवढ्या छतांवर फिरायचं असून उडी मारायचं बटण नाही! पाच-सहा लाकडी फळ्या ओलांडायच्या तर दर वेळी आधी तरंगण्याचा अंदाज घ्यावा लागतो.

पकडण्यात पूर्वीची मजा आहे का?

पूर्वीपेक्षा जास्त आहे. पोकेमॉनची कल्पना सातोशी ताजिरी यांना सुचली ती लहानपणी किडे पकडण्याच्या नादातून. किडा पकडणाऱ्याला माहीत असतं की घाई केली की संपलं. दबकत जायचं, सावली पडू द्यायची नाही, तो कुठे तोंड करून बसलाय ते बघायचं. झेड-एमध्ये तेच करावं लागतं. खाली वाकून, झुडपाआड, पोकेमॉनच्या पाठीमागून पकडायचा बॉल टाकला तर लागण्याची शक्यता वाढते. त्याने बघितलं तर काही जण पळतात, काही थांबून बघतात आणि काही सरळ आपल्यावर चालून येतात. हो, आपल्यावर. वाइल्ड झोनमध्ये वार ट्रेनरलाही बसतो. वेळेवर लोळण घेतली नाही तर आपणच बेशुद्ध.

जंगली पोकेमॉन लढाईत कोलमडला तरी काही क्षण बॉल टाकायची संधी मिळते. जुन्या गेममध्ये एक वार जरा जोरात बसला की दुर्मीळ पोकेमॉन हातचा गेलाच, मग कितीही हळहळा. ती शिक्षा गेली याचा मला आनंद आहे.

अल्फा नावाचे दांडगे, लाल डोळ्यांचे पोकेमॉन आर्सियसमधून इथे परत आले आहेत. त्यांच्यापासून सुरुवातीला लांब राहा. मी राहिले नाही आणि एकाच संध्याकाळी चार वेळा पोकेमॉन सेंटरला जाऊन उभी राहिले.

सुरुवातीला कुणाला घेऊ?

चिकोरिटा, टेपिग, टोटोडाइल यांतून एक. चिकोरिटा आणि टोटोडाइल १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमधले, टेपिग २०१० च्या ब्लॅक-व्हाइटमधला. कुणालाही घेतलं तरी गेम अडत नाही.

मी टोटोडाइल घेतला, आणि त्याचं कारण या गेमच्या बाहेरचं आहे. माझ्या जुन्या कार्ट्रिजमध्ये एक टोटोडाइल होता, नाव ‘मगरू’. त्या काळच्या कार्ट्रिजमध्ये खेळाची नोंद एका छोट्या बॅटरीवर टिकून असायची. वयाने ती बॅटरी संपली. मी बऱ्याच वर्षांनी गेम सुरू केला तर नवा खेळ सुरू करा, एवढाच पर्याय समोर. शेकडो तास आणि मगरू, दोन्ही गेले. मोठी बाई होते तोवर, तरी रडले. नव्या टोटोडाइलचं नावही मगरूच ठेवलंय.

मेगा इव्होल्यूशन परत आलंय, ते कसं वाटलं?

फार छान. एक्स-वायमध्ये मेगा, म्हणजे लढाईत थोडा वेळ मिळणारं पोकेमॉनचं जास्त ताकदीचं रूप, पहिल्यांदा आलं आणि मग काही वर्षांतच मुख्य गेममधून गायब झालं. इथे ते गोष्टीच्या मुळाशी आहे. लढता लढता एक पट्टी भरत जाते, ती भरली की मेगा. शक्ती ओसरली की पुन्हा मूळ रूप. पुन्हा भरली की पुन्हा मेगा. पूर्वी एका लढाईत एकदाच मिळायचं, त्यामुळे पहिल्याच डावात उरकून टाकायची सवय लागली होती. आता कधी वापरायचं हा दर वेळी नवा निर्णय असतो, कारण तीच पट्टी मूव्ह जास्त जोरदार करायलाही खर्च होते.

स्वतःवरचा ताबा सुटलेल्या मेगा पोकेमॉनबरोबरच्या झुंजी हा गेमचा उत्तम भाग आहे. पहिली झुंज मेगा ॲब्सॉलशी. तो झेप घेतो, आपण पळतो, मध्येच मगरूला सोडतो, परत बोलावतो, परत पळतो. माझ्या तळहातांना घाम फुटला होता. पोकेमॉन खेळताना असं याआधी कधी झालं होतं ते आठवत नाही.

नवीन मेगापैकी माझा आवडता मेगा फेरालिगेटर (टोटोडाइलच्या पूर्ण वाढलेल्या रूपाचा मेगा), प्रकार पाणी आणि ड्रॅगन. मेगा ड्रॅगनाइटबद्दल लोकांचं दुमत आहे. मला तो आवडला. पहिल्या पिढीतल्या त्या गोलमटोल, प्रेमळ ड्रॅगनला पाहून मी मोठी झाले आणि मेगा रूपातही त्याचा तो प्रेमळपणा शिल्लक आहे.

झेड-ए रॉयल म्हणजे काय?

रात्रीची स्पर्धा. सगळे ट्रेनर झेड श्रेणीपासून सुरू करतात आणि ए गाठायचं असतं. दिवस मावळला की शहराचा एखादा भाग लाल सीमेने आखला जातो आणि आतला प्रत्येक ट्रेनर प्रतिस्पर्धी. कोपऱ्याआडून डोकावून, समोरच्याचं लक्ष नसताना पहिला वार करायचा. गुण जमले की तिकीट, तिकिटावर बढतीची लढत. सगळी अक्षरं एकेक करून चढावी लागतील असं वाटत असेल तर तसं नाही, मधल्या बऱ्याच पायऱ्या गोष्टच ओलांडून नेते. मला ते रुचलं नाही. चढण आहे तर चढू द्यावी. पण रात्रीच्या त्या गल्ल्यांतली धडधड मात्र खरी.

गोष्ट कशी आहे?

पोकेमॉनच्या मानाने चांगली. आपण हॉटेल झेडमध्ये उतरतो. त्याचा मालक एझेड, तोच एक्स-वायमधला तीन हजार वर्षं जगलेला उंच, थकलेला राजा, आणि त्याच्याबरोबर त्याची पोकेमॉन फ्लोएट. त्या दोघांना एका लहानशा हॉटेलात, लोकांची सोय बघत बसलेलं पाहून मला भरून आलं. आपल्या वयाच्या चार मित्रमैत्रिणींच्या गटातही जीव आहे, त्यांची एकमेकांशी चाललेली थट्टा ओढूनताणून आणलेली वाटत नाही.

संवादांना आवाज मात्र नाही. मोठ्या, भावुक प्रसंगातही ओठ हलतात आणि खाली अक्षरं उमटतात. २०२५ मध्ये हे विचित्र वाटतं. शंभरावर छोटी कामं आहेत, त्यांतली कित्येक मुख्य गोष्टीपेक्षा गोड आहेत. ती टाळू नका.

सगळे पोकेमॉन आहेत का?

नाहीत. एकूण पोकेमॉन आता हजारावर गेलेत. या गेमच्या मूळ यादीत सुमारे २३०. सगळे एका गेममध्ये येण्याचे दिवस २०१९ मध्येच संपले आणि तेव्हा मी खूप चिडले होते. आता चिडत नाही. पहिल्या गेममधल्या १५१ वर आपण जीव टाकला होता, तर २३० काही कमी नाहीत. प्रत्येकाला चालण्याची ढब, धावण्याची तऱ्हा आणि लढण्याची जागा द्यायची असेल तर संख्या कमी असलेलीच बरी.

पोकेमॉनच्या जोडीपासून अंडी मिळवणं, म्हणजे ब्रीडिंग, आहे का?

नाही.

शाइनी शोधणं सोपं आहे का?

शाइनी म्हणजे वेगळ्या रंगाचा दुर्मीळ पोकेमॉन. मूळ शक्यता ४०९६ मध्ये एक, म्हणजे एक्स-वायपासून आहे तीच. फरक इतकाच की पोकेमॉन समोर हिंडताना दिसतात आणि शाइनी जवळपास आला की एक बारीक किणकिणता आवाज येतो. तेव्हा आवाज बंद करून खेळू नका. मला पहिला शाइनी मिळाला तो भलतंच काम करायला निघाले असताना, आवाज ऐकून मागे वळले म्हणून.

ऑनलाइन लढाया खेळाव्यात का?

गंमत म्हणून जरूर. चार जण, तीन मिनिटं, जो जास्त पोकेमॉन पाडेल तो पुढे. गोंधळ असतो, कधी कधी आपण कुणाच्या वाराने पडलो तेही कळत नाही, तरी हसू येतं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकली. ग्रेनिन्जा, डेल्फॉक्स आणि चेसनॉट ही कालोसच्या, म्हणजे ल्युमिओस ज्या प्रदेशात आहे तिथल्या, तीन मूळ सोबत्यांची पूर्ण वाढलेली रूपं. त्यांचे मेगा स्टोन (मेगा होण्यासाठी लागणारे दगड) सुरुवातीला या ऑनलाइन क्रमवारीतल्या लढायांचं बक्षीस म्हणून ठेवले गेले. ज्याला एकट्याने, शांतपणे, आपल्या गतीने खेळायचंय त्याच्यासाठी दार बंद. गोळा करण्याच्या खेळात गोळा करणाऱ्यालाच बाहेर उभं करू नये.

स्विच की स्विच २?

दोन्हीवर चालतो. स्विच २ वर चित्र जास्त स्वच्छ आणि हालचाल सेकंदाला ६० फ्रेमची, त्यामुळे वार चुकवणं सोपं जातं. लढाई वेळेवर बेतलेली असल्याने हा फरक हाताला जाणवतो. पण जुना स्विच घरात असेल तर त्यावरच खेळा, गेम तोच आहे.

लहान मुलांना जमेल का?

वाचता येत असेल तर जमेल. आवाज नसल्याने वाचन भरपूर आहे. मेगा झुंजींत सात-आठ वर्षांचं मूल अडखळेल, तेव्हा शेजारी बसा. अनुभवी खेळाडूला मात्र मधला भाग सोपा वाटेल, कारण न लढलेल्या पोकेमॉनलाही अनुभवाचे गुण मिळत राहतात आणि संघ पटकन दांडगा होतो. मी मुद्दाम संघात चारच पोकेमॉन ठेवून खेळले, तेव्हा रंगत आली.

मेगा डायमेन्शन ही पुरवणी घ्यावी का?

१० डिसेंबर २०२५ ला आली. हूपा या पोकेमॉनच्या मदतीने शहराच्या वेगळ्या, विकृत रूपांत जायचं आणि वेळ संपायच्या आत परतायचं. नवीन मेगा भरपूर, रायचूलाही दोन. मूळ गेम संपवून आणखी हवंसं वाटत असेल तरच घ्या. नवं रान, नवा डोंगर मिळेल या आशेने घेऊ नका.

पोकेमॉन आता पूर्वीसारखं राहिलं नाही, असं नाही वाटत?

पूर्वीसारखं म्हणजे कसं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारते. म्यू हा पोकेमॉन पहिल्या गेममध्ये प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी अगदी शेवटी, तपासणीची साधनं काढून टाकल्यावर उरलेल्या इवल्याशा जागेत बसवला. गोल्ड-सिल्व्हरच्या काळात इतकी माहिती कार्ट्रिजमध्ये दाबून बसवायला पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेल्या सातोरू इवाता यांनी हातभार लावला. त्या गेममध्ये जागा नव्हती म्हणून जे दाखवता आलं नाही, ते आपण मनात भरून काढत होतो. माझा पहिला मगरू म्हणजे काही ठिपक्यांचं, जागच्या जागी उभं असलेलं चित्र होतं. तो धावतो कसा, वळतो कसा, हे सगळं मी कल्पनेने रचलं होतं.

झेड-एमध्ये मी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि ते माझ्या कल्पनेशी जुळलं. सपाट बाल्कन्या आणि बंद दारं मोजूनही माझ्यासाठी पारडं या बाजूला झुकतं.

सध्या काय करताय?

यादीत थोडे बाकी आहेत, तेवढे गोळा करतेय. दिवस-रात्र लगेच बदलायची तर बाकावर बसते. मगरू आता पूर्ण वाढलेला फेरालिगेटर आहे. अरुंद गल्लीत वळताना मला थांबून त्याची वाट बघावी लागते. संघात पहिली जागा त्याचीच आहे.